नेत्यांच्या दूरचित्रवाणी वादचर्चांमुळे निकाल बदलतो की फक्त प्रचार बदलतो?

मेघना_डिड्सबरी

१५ एप्रिल २०१० ची रात्र माझ्या चांगलीच लक्षात आहे. मी तेव्हा दक्षिण मँचेस्टरमधल्या डिड्सबरी भागात भाड्याच्या घरात राहत होते आणि ब्रिटनमधील पक्षनेत्यांची पहिलीवहिली दूरचित्रवाणी वादचर्चा आमच्याच शहरातल्या स्टुडिओत चालू होती. मजूर पक्षाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन, हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरून आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे निक क्लेग हे तिघे दीड तास उभे राहून प्रश्नांना उत्तरे देत होते. पक्ष आणि वाहिन्या यांनी मिळून ७६ नियम ठरवले होते आणि प्रेक्षकांनी मध्येच टाळ्या वाजवू नयेत हाही त्यांपैकीच एक होता. क्लेग थेट कॅमेऱ्याकडे पाहून बोलले. ब्राउन इतक्या वेळा ‘मी निकशी सहमत आहे’ म्हणाले की दुसऱ्या दिवशी ते वाक्य देशभर ज्याच्या त्याच्या तोंडी होते.

पुढच्या काही दिवसांत जे झाले ते मी त्याआधी कधीच पाहिले नव्हते. कायम तिसऱ्या क्रमांकावर राहणारा क्लेग यांचा पक्ष जनमत चाचण्यांत ३० टक्क्यांच्या आसपास गेला, एक-दोन चाचण्यांत तर पहिलाही आला, आणि वर्तमानपत्रांचा सगळा रोख क्लेग यांच्याकडे वळला. ६ मे रोजी मतदान झाले तेव्हा मात्र त्यांना २३ टक्के मते आणि ५७ जागा मिळाल्या, म्हणजे २००५ च्या ६२ जागांपेक्षा पाच कमी. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना संसदीय निवडणुकीत मतदान करता येते, त्यामुळे भारतीय पारपत्रावर मीही मत दिले होते, आणि ते त्या रात्रीच्या प्रभावाखाली दिले होते हे मी मोकळेपणाने सांगते.

मला विचारायचे आहे ते असे. एवढा गाजावाजा होऊनही जागा घटल्या, तर अशा वादचर्चांनी नेमके काय बदलते? आणि ज्या देशात त्या होतच नाहीत त्या आपल्या देशाचे काही नुकसान होते आहे का? आपापल्या देशांतले अनुभव वाचायला आवडतील.

अण्णा_कर्वेनगर

मेघनाताई, विषय उत्तम आहे, परंतु मी या प्रकाराविषयी साशंक आहे. मी नागरिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले. आपण खासदार निवडतो आणि खासदार पंतप्रधान निवडतात. दोन-तीन चेहरे दीड तास समोरासमोर उभे केले की मतदार आपल्या मतदारसंघातला उमेदवार विसरतो आणि संसदीय निवडणुकीला अध्यक्षीय निवडणुकीचे रूप येते.

दुसरे असे की आमच्या पिढीला सभांची सवय होती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्रे यांचे भाषण वडिलांचे बोट धरून ऐकल्याचे मला आठवते. तासभर चाललेल्या भाषणात वक्त्याचे वाचन, त्याचा अभ्यास आणि त्याचे उथळपणही बाहेर येत असे. एका मिनिटात बेरोजगारीवर उत्तर द्यायला लावणे म्हणजे पाठांतराची परीक्षा घेणे होय.

टोरांटोकर

अण्णा, कॅनडाही संसदीय लोकशाहीच आहे आणि इथे नेत्यांची पहिली दूरचित्रवाणी वादचर्चा १९६८ मध्येच झाली, तेव्हा संसदीय पद्धत आणि वादचर्चा यांचे वैर असायलाच हवे असे नाही.

मी इथे आलो १९८१ मध्ये. १९८४ च्या जुलैमधली इंग्रजी वादचर्चा मी तळघरातल्या भाड्याच्या खोलीत पाहिली. पंतप्रधान जॉन टर्नर यांनी पदावर येताच आपल्या आधीचे पंतप्रधान पिएर ट्रुडो यांच्या आग्रहावरून लिबरल पक्षातल्या मंडळींच्या बऱ्याच सरकारी नेमणुका केल्या होत्या. त्यावरून ब्रायन मल्रोनी यांनी छेडले तेव्हा टर्नर म्हणाले की माझ्यापुढे पर्याय नव्हता. मल्रोनी यांनी बोट रोखून उत्तर दिले, ‘महाशय, तुमच्यापुढे पर्याय होता. मी हे करणार नाही, असे तुम्ही म्हणू शकला असता.’ टर्नर यांचा पडलेला चेहरा मला अजून दिसतो. सप्टेंबरमध्ये मल्रोनी यांच्या पक्षाला २८२ पैकी २११ जागा मिळाल्या आणि लिबरल ४० वर आले. एवढा मोठा पराभव एका वाक्याने झाला असे मी म्हणणार नाही, कारण लोक आधीच कंटाळले होते. परंतु त्या कंटाळ्याला शब्द मिळाले ते त्या रात्री, आणि पुढचे सहा आठवडे प्रचार त्याच शब्दांभोवती फिरला.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकांना महत्त्वाची वाटेल. इथे फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन स्वतंत्र वादचर्चा होतात. ज्याला फ्रेंच नीट येत नाही त्याची क्वेबेकमध्ये पंचाईत होते. मल्रोनी क्वेबेकमध्येच लहानाचे मोठे झालेले असल्यामुळे त्यांचे फ्रेंच ओघवते होते आणि त्याचा त्यांना लाभ झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केवळ स्त्रियांच्या प्रश्नांवर तिन्ही नेत्यांची वेगळी वादचर्चा एका स्त्री संघटनेने घडवून आणली होती. बाळंतपणाची रजा, पाळणाघरे, समान वेतन या विषयांवर तीन पुरुष नेत्यांना देशासमोर बोलावे लागले. माझ्या पत्नीने त्या रात्री स्वयंपाक लवकर आटोपला होता आणि त्या काळात इथल्या राजकारणाशी आपलाही संबंध आहे असे तिला पहिल्यांदा वाटले.

संध्या_नाशिक

मंचावर कोणाला बोलवायचे हे ठरवते कोण? मला हा पहिला प्रश्न वाटतो. भारतात सहा राष्ट्रीय पक्ष आणि कितीतरी प्रादेशिक पक्ष आहेत. दोघांनाच उभे केले तर बाकीच्यांवर अन्याय होतो आणि वीस जणांना उभे केले तर कोणाचेच धड ऐकू येत नाही.

मेघना_डिड्सबरी

संध्याताई, ब्रिटनमध्येही हाच तंटा झाला. २०१० मध्ये स्कॉटिश नॅशनल पक्षाला वगळले म्हणून तो पक्ष एडिंबरामधल्या न्यायालयात गेला आणि हरला. पुढे २०१५ मध्ये एका वादचर्चेत सात नेते उभे केले तेव्हा स्कॉटिश नॅशनल पक्षाच्या नेत्या निकोला स्टर्जन यांची ओळख इंग्लंडमधल्या घराघरांत झाली आणि त्यांच्या पक्षाने स्कॉटलंडमधल्या ५९ पैकी ५६ जागा जिंकल्या. त्यामागे स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर २०१४ मध्ये झालेल्या सार्वमताची मोठी लाट होती, म्हणून श्रेय वादचर्चेला देता येत नाही. परंतु मंचावर जागा मिळणे हीच एक राजकीय मान्यता असते हे त्यातून कळले.

आकडेमोड

मूळ प्रश्नाकडे येतो. या विषयावर बरेच संशोधन झाले आहे आणि त्याचा कल अण्णांच्या शंकेच्या बाजूने झुकतो. कारोलिन ल पेनेक आणि विन्सेंट पोन्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९५२ पासूनच्या ६२ निवडणुका आणि ५६ दूरचित्रवाणी वादचर्चा अभ्यासल्या. त्याच मतदारांना निवडणुकीपूर्वी आणि निवडणुकीनंतर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी जुळवून पाहिली. प्रचाराच्या शेवटच्या दोन महिन्यांत बरेच मतदार मत पक्के करतात किंवा बदलतात, परंतु वादचर्चेच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत त्या बदलाला काही वेगळा वेग येतो असे त्यांना आढळले नाही.

या विषयावरची सर्वांत प्रसिद्ध कथाही फारशी भक्कम नाही. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोत केनेडी आणि निक्सन यांची पहिली वादचर्चा झाली. गुडघ्याच्या दुखण्यामुळे ऑगस्टअखेरीस रुग्णालयात राहिलेले निक्सन पडद्यावर ओढलेले दिसले आणि केनेडी ताजेतवाने दिसले, एवढे खरे आहे. परंतु ‘रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असे वाटले आणि पडद्यावर पाहणाऱ्यांना केनेडी’ ही जी कथा प्रत्येक पुस्तकात असते तिचा मुख्य आधार एक बाजार पाहणी आहे. तिच्यात फक्त रेडिओ ऐकलेल्यांची संख्या लहान होती, आणि १९६० मध्ये ज्यांच्या घरी दूरचित्रवाणी संच नव्हता ते लोक मुळातच वेगळ्या भागातले आणि वेगळ्या कलाचे असण्याची शक्यता होती. १९८७ मध्ये दोन अभ्यासकांनी या कथेची बारकाईने चिरफाड केली आहे. केनेडी यांचे देशभरातले मताधिक्य सुमारे १ लाख १३ हजार, म्हणजे ०.२ टक्क्यांहूनही कमी होते. एवढ्या निसटत्या निकालाचे श्रेय कशालाही देता येते.

मात्र एका गोष्टीची मला खरोखर काळजी वाटते. वादचर्चा चालू असताना पडद्याच्या तळाशी प्रेक्षकांची पसंती दाखवणारी एक रेषा वरखाली सरकत असते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी २०१० च्या तिसऱ्या वादचर्चेच्या वेळी सुमारे १५० जणांना ती थेट प्रक्षेपित होत असतानाच दाखवली आणि त्यांच्या नकळत ती रेषा स्वतः हलवली. ज्या नेत्याच्या बाजूने रेषा झुकवली तो जिंकला असे मानणाऱ्यांचे प्रमाण त्या गटात वाढले. नेत्याच्या मुद्द्यापेक्षा शेजाऱ्याची मान कशी हलते याकडे आपले लक्ष असते, हे त्यातून दिसले.

ऋजुता_एडिसन

आकडेमोड, तुमच्या आकड्यांबद्दल आदर ठेवूनही मला २७ जून २०२४ ची आठवण करून द्यावीशी वाटते. अटलांटामधली अध्यक्ष जो बायडन आणि डोनाल्ड ट्रम्प यांची ती वादचर्चा सुमारे ५ कोटी लोकांनी पाहिली. न्यू जर्सीत आमच्या घरी मी, नवरा आणि पहिल्यांदाच मतदान करणारी मुलगी असे तिघे बसलो होतो. पहिल्या पंधरा मिनिटांतच बायडन यांचा आवाज घोगरा झाला, वाक्ये मध्येच तुटू लागली आणि मुलीने माझ्याकडे पाहिले. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मी हे सगळे जवळून पाहिले असल्यामुळे मला टीका सुचली नाही, नुसते वाईट वाटले. २१ जुलै रोजी त्यांनी उमेदवारी सोडली. उमेदवारच बदलला, तर निवडणूक बदलली असे का म्हणू नये?

त्याच वर्षी १० सप्टेंबरला फिलाडेल्फियात कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प समोरासमोर आले. पाहणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी हॅरिस यांना सरस ठरवले आणि नोव्हेंबरमध्ये त्या हरल्या. म्हणजे एकाच वर्षात दोन्ही टोके आम्ही पाहिली. मला त्यावरून असे वाटते की वादचर्चेने जे लोकांना आधीच जाणवत असते पण उघड बोलले जात नसते ते उघड होते, आणि मग पक्षाला त्याकडे डोळेझाक करता येत नाही.

भूषण_लातूर

आपल्याकडे वादचर्चा होत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी रात्री नऊ वाजता कोणतीही मराठी वृत्तवाहिनी लावून पाहावी. आठ चौकटींत आठ प्रवक्ते बसतात आणि सूत्रसंचालकासह नऊ जण एकदम बोलतात. मला यात सर्वांत मोठा दोष असा दिसतो की प्रवक्त्याने दिलेला शब्द नेत्यावर बंधनकारक नसतो. ‘ते त्यांचे वैयक्तिक मत होते’ असे दुसऱ्या दिवशी म्हणता येते. नेत्याला ती सोय नसते.

१९७७ च्या निवडणुकीपासून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर मान्यताप्राप्त पक्षांना भाषणासाठी वेळ दिला जातो, परंतु तिथे संहिता आधी सादर करावी लागते आणि समोर प्रश्न विचारणारा कोणी नसतो. मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती मदन लोकूर, न्यायमूर्ती अ. प्र. शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर वादचर्चेचे पत्र पाठवले होते. राहुल गांधींनी तयारी दर्शवली, पण वादचर्चा झाली नाही.

अण्णा_कर्वेनगर

भूषण, प्रवक्त्याचा शब्द आणि नेत्याचा शब्द यांत तुम्ही दाखवलेला फरक मला पटला. सभेविषयी मी जे लिहिले त्यातही एक उणीव राहिली होती हे मान्य करतो. सभेत वक्ता एकटा असतो, त्याच्या मागे त्याचेच लोक बसलेले असतात आणि समोरही बहुधा त्याचेच लोक असतात. खोटे बोलल्यावर तिथल्या तिथे अडवणारा कोणी नसतो. परंतु ज्याला बहुमताची खात्री आहे त्याने मंचावर यावेच कशासाठी, या प्रश्नाला तुमच्यापैकी कोणी उत्तर दिलेले नाही.

मेघना_डिड्सबरी

अण्णा, हा पेच ब्रिटनमध्येही सुटलेला नाही. २०१७ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी वादचर्चेला नकार दिला आणि केंब्रिजमधल्या मंचावर त्यांच्या वतीने गृहमंत्री अंबर रड उभ्या राहिल्या, त्याही वडिलांचे निधन होऊन दोनच दिवस झालेले असताना. मे यांच्या पक्षाचे बहुमत त्या निवडणुकीत गेले. २०१९ मध्ये हवामानबदलावरच्या वादचर्चेला बोरिस जॉन्सन आले नाहीत, तेव्हा वाहिनीने त्यांच्या जागी बर्फाची शिल्पाकृती ठेवली आणि ती तासभर वितळत राहिली. जॉन्सन यांच्या पक्षाला मात्र बाकी सर्व पक्षांच्या एकत्रित जागांपेक्षा ८० जागा अधिक मिळाल्या. न येण्याची शिक्षा मतदार दरवेळी देतातच असे नाही. तरीही मे यांना प्रचारभर ‘तुम्ही का आला नाहीत’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागले, कारण तोवर दोन निवडणुकांत लोकांना वादचर्चेची सवय झालेली होती. सवय लागली की गैरहजेरी लक्षात येते. आपल्याकडे ती सवयच नसल्यामुळे गैरहजेरी कोणाला दिसत नाही.

जुना_वार्ताहर

हा धागा मी दोन दिवस वाचतो आहे. मोठ्या नेत्यांविषयी मला अधिकाराने सांगता येणार नाही, परंतु कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका लहान शहरात आम्ही नगरपालिका निवडणुकीत नगराध्यक्षपदाच्या उमेदवारांना एका मंचावर आणले होते, तो अनुभव लिहितो. वाचनालयाचे सभागृह, दीडशे खुर्च्या आणि स्थानिक केबल वाहिनीचे एकच कॅमेरा असलेले थेट प्रक्षेपण एवढीच सामग्री होती. पाच उमेदवारांपैकी चार आले. पाचवे सर्वांत बलाढ्य होते. त्यांनी आदल्या रात्री होकार दिला आणि सकाळी कार्यकर्त्याकरवी निरोप पाठवला की साहेब लग्नाला गेले आहेत. आम्ही त्यांच्या नावाची पाटी आणि खुर्ची तशीच ठेवली.

पाणीपुरवठ्याच्या प्रश्नावर एक अपक्ष बाई बोलल्या. पूर्वी शिक्षिका होत्या, प्रचाराला जीपही नव्हती. नवी पाण्याची टाकी बांधून किती वर्षे झाली, तिला जोडणारी मुख्य जलवाहिनी कोणत्या रस्त्याखाली अर्धवट राहिली आहे आणि त्या कामाची निविदा किती वेळा निघाली हे त्यांनी कागद न पाहता सांगितले. बाकीच्या तिघांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. त्या निवडून आल्या नाहीत, पाचवेच निवडून आले. परंतु प्रचाराच्या उरलेल्या आठ दिवसांत प्रत्येक कोपरासभेत लोक मुख्य जलवाहिनीबद्दल विचारू लागले आणि लग्नाला गेलेल्या साहेबांना आपल्या पत्रकात ती पूर्ण करण्याचे वचन छापावे लागले. ते पत्रक माझ्याकडे आहे. जलवाहिनी दीड वर्षाने जोडली गेली, आणि नगरपालिकेच्या बैठकीत त्या बाई प्रेक्षकांत बसून ते पत्रक दाखवत असत हे मी स्वतः पाहिले आहे.

आकडेमोड

वार्ताहर, तुमच्या अनुभवाने मला माझे आधीचे मत थोडे सुधारावे लागते आहे. सिएरा लिओनमध्ये २०१२ च्या निवडणुकीत नेमका असाच प्रयोग झाला होता. संसदेच्या उमेदवारांच्या वादचर्चांचे चित्रण करून ते चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गावांत मोठ्या पडद्यावर दाखवले गेले. तिथे मतदारांची माहिती वाढली, चांगले बोललेल्या उमेदवारांची मते वाढली आणि निवडून आलेल्यांनी पुढे मतदारसंघाच्या विकासनिधीचा वापरही अधिक चोख केला. मी आधी सांगितलेला अभ्यास बहुतेक श्रीमंत देशांचा आहे, जिथे वर्तमानपत्रे आणि वाहिन्यांमुळे लोकांना नेत्यांविषयी बरेच काही आधीच ठाऊक असते. जिथे उमेदवाराविषयी माहिती मिळण्याचा दुसरा मार्ग नसतो तिथे परिणाम मोठा होतो. म्हणून अशा वादचर्चांचा खरा उपयोग दिल्लीपेक्षा तालुक्याच्या गावी होईल असे मला आता वाटते.

मेघना_डिड्सबरी

आकडेमोड आणि वार्ताहर, तुमच्या दोन प्रतिसादांमुळे माझ्या मूळ प्रश्नाला माझ्यापुरते उत्तर मिळाले.

मी ज्या विदिंग्टन मतदारसंघात राहत होते तिथे लिबरल डेमोक्रॅट खासदार २००५ मध्येच निवडून आला होता आणि २०१० मध्ये त्याने जागा राखली. आमच्या रस्त्यावर विद्यार्थी पुष्कळ होते. शिक्षणशुल्क वाढवण्याविरुद्ध मतदान करू, असे लेखी वचन त्या पक्षाच्या उमेदवारांनी दिले होते आणि निवडणुकीनंतर त्याच पक्षाने हुजूर पक्षाबरोबर सरकार बनवले. ९ डिसेंबर २०१० रोजी शुल्काची मर्यादा वर्षाला ९ हजार पौंडांपर्यंत नेण्याचा निर्णय संसदेत झाला. आमच्या खासदाराने विरोधात मत दिले, क्लेग यांनी बाजूने. २०१२ मध्ये क्लेग यांना चित्रफितीतून जाहीर माफी मागावी लागली, आणि २०१५ मध्ये पक्ष ५७ वरून ८ जागांवर आला. आमचा खासदार शब्दाला जागूनही पडला.

लोकांना एवढा राग आला, कारण त्या एप्रिलच्या रात्री कॅमेऱ्यात पाहून ‘आमच्यावर विश्वास ठेवा, आम्ही त्या दोन जुन्या पक्षांहून वेगळे आहोत’ अशा भावनेने बोललेला चेहरा त्यांना पाठ झाला होता. शेजारचा विद्यार्थी मला म्हणाला होता की दुसऱ्या कोणी फसवले असते तर एवढे लागले नसते. वादचर्चेचा परिणाम २०१० च्या निकालात मी शोधत होते, तो पाच वर्षांनी आला.

संध्या_नाशिक

वार्ताहरदादा, आमच्या प्रभागात असा कार्यक्रम घ्यायचा झाला तर सुरुवात कुठून करावी? महिला मंडळाच्या वीसेक जणी तयार आहेत.

जुना_वार्ताहर

संध्याताई, उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपली की त्याच संध्याकाळी सर्व उमेदवारांना एकाच मजकुराचे पत्र द्या आणि पोहोच घ्या. आचारसंहिता लागू असते, म्हणून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची आणि पोलिसांची परवानगी आधी काढा. मतदानापूर्वीच्या प्रचारबंदीच्या काळात कार्यक्रम येणार नाही असा दिवस निवडा. प्रश्न लोकांकडून लेखी घ्या, विषयवार लावा आणि बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. उत्तराला तीन मिनिटे द्या, कारण एका मिनिटाबाबतचा अण्णांचा आक्षेप योग्य आहे. चित्रण कोणत्याही उमेदवाराच्या माणसाकडे सोपवू नका आणि मूळ प्रत मंडळाकडे ठेवा. जो येणार नाही त्याची खुर्ची काढू नका.

अण्णा_कर्वेनगर

घड्याळ धरायला कोणी नसेल तर मला कळवा. पुण्याहून नाशिकला सकाळच्या गाडीने येईन.